पाचवं पाऊल

डाव्या खुब्यात दुखायला लागलं तेव्हा मी आधी चपलेला दोष दिला, मग मोटारसायकलच्या किकला आणि शेवटी वयाला. वय एकेचाळीस. आमच्या बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहायचं काम, तेव्हा पाय दुखला तर त्यात विशेष ते काय? पण जेवून उठताना भिंत धरावी लागायला लागली, आणि एके दिवशी देवघरात महादेवापुढे मांडी घालून बसलो तो उठताच येईना. वंदनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दोन्ही हात धरून ओढून उठवलं. "अमरावतीले जाऊ. आता तुमचं ऐकत नाई मी," ती म्हणाली. अमरावतीला तिचा भाऊ राहतो आणि हाडांचे एक चांगले डॉक्टर त्याच्या ओळखीचे होते. आम्ही अकोल्याहून सकाळच्या गाडीनं निघालो. वाटेत मी तिला तीनदा सांगितलं की ही उगाच खेप होणार आहे.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. खुब्याच्या खोबणीत मांडीच्या हाडाचा जो गोळा बसतो, त्याचा रक्तपुरवठा थांबला होता आणि गोळ्याचा वरचा भाग मरत चालला होता. हाडही मरतं, हे मला माहीतच नव्हतं. साथीच्या वर्षात मी दोन आठवडे ऑक्सिजनवर होतो, तेव्हा स्टेरॉइड दिलं होतं. काही जणांना त्यानं पुढे असं होऊ शकतं, असं ते म्हणाले. ज्या औषधानं जीव वाचवला त्याच्यावर रागवायचं तरी कसं? गोळा अजून चेपला नव्हता, एवढीच चांगली गोष्ट. चेपला तर सांधा काढून कृत्रिम बसवायचा, आणि माझ्या वयात बसवलेला जन्मभर पुरेलच असं नाही. म्हणून आधी स्वतःचा सांधा वाचवून पाहायचं ठरलं. मांडीच्या हाडाला बाहेरून भोक पाडत गोळ्यापर्यंत जायचं, आत कोंडलेला दाब मोकळा करायचा आणि कमरेच्या हाडातून काढलेली अस्थिमज्जा तिथे भरायची. त्यानंतर सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही. "अजिबात नाही," डॉक्टर बोट उचलून म्हणाले. "भोक पाडलेलं हाड कच्चं असतं. एक पाऊल चुकीचं पडलं तर तिथूनच मोडेल." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

आता कावडीचं सांगायला हवं, नाहीतर माझा मूर्खपणा नीट कळणार नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात पूर्णेचं पाणी कावडीनं येतं आणि गावचं दैवत राजेश्वर, त्याच्या पिंडीवर चढतं. नदीपासून शहरापर्यंत सगळी वाट अनवाणी. कुणी एकटाच बांबूच्या दोन टोकांना दोन कळशा बांधून निघतो, तर मंडळांच्या मोठ्या कावडी कित्येक खांद्यांवर येतात. आमच्या मंडळाच्या कावडीला पुढून डावीकडचा पहिला खांदा माझा. एकोणीस वर्षं ती जागा मी कुणाला दिली नव्हती. एकदा पाणी भरलं की देवापर्यंत पोचल्याशिवाय कावड जमिनीला टेकवायची नाही; दम लागला तर दुसऱ्यानं खांदा द्यायचा. आणि चालायचं ते सगळ्यांनी एका ठेक्यात, गुडघे किंचित वाकवून, टाच न आपटता, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. नव्या पोरांना ही चाल मीच शिकवायचो, रिकाम्या कावडीवर परातीत पाणी ठेवून. त्यात थोडी घमेंडही होती, हे आज कबूल करतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी महादेवाला म्हणालो, माझं हाड वाचव, मी तुझा खांदा चुकवणार नाही. तेव्हा मला ती भक्ती वाटली होती. आता वाटतं, मी देवाला अटी घालत होतो. एकोणीस वर्षं पाणी आणतो, म्हणजे तो माझं काहीतरी देणं लागतो, अशा हिशेबानं मी हात जोडले होते.

ऑपरेशन चांगलं झालं. इतकं चांगलं की तिसऱ्या आठवड्यात दुखणं जवळजवळ गेलं, आणि दुखणं गेलं की माझ्यासारख्या माणसाला शहाणपण नकोसं होतं. मी वॉकर धरून, डावा पाय अधांतरी ठेवून घरभर फिरायचो. श्रावणाचा शेवटचा सोमवार चौथ्या आठवड्यात आला. मंडळाचा सगळा कारभार बघणारा माझा लहानपणापासूनचा मित्र दिनेश, आमचा दिन्या, शनिवारी घरी आला. आमचं घर कावडीच्या रस्त्यावरच आहे. तो म्हणाला, "तू कुठीच येऊ नोको. कावड तुह्या दारापुढं थांबवतो. तू नुसता खांदा टेकव. भार आमी घेतो. तुहा नेम बी राह्यते अन् डॉक्टरचं बी."

आम्हा दोघांना ही युक्ती फार हुशारीची वाटली. वंदना चहा घेऊन दारात उभी होती. "अन् पाय पुढं गेला तं?" तिनं विचारलं.

"कसा जाईन वहिनी? आमी हाओत ना," दिन्या म्हणाला.

ती चहा ठेवून आत गेली आणि आतून भांडी जरा जोरात वाजली.

सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमची कावड आली. मी अंघोळ करून, भस्म लावून, वॉकर घेऊन दाराबाहेर उभा होतो. ढोल, गुलाल, पायांना फोड आलेली पोरं, आणि माझी डावीकडची जागा रिकामी ठेवलेली. ती रिकामी जागा पाहून मला भडभडून आलं. वॉकर पुढे असल्यावर खांदा लाकडाला पोचेना, म्हणून मी तो बाजूला सारला. लाकूड खांद्याला टेकलं. "हर्र बोला महादेव!" अशी आरोळी उठली, मागून दुसऱ्या मंडळाची कावड येत होती, गर्दीचा रेटा आला आणि आमची कावड हलली. एवढी पोरं, एवढ्या वर्षांची सवय. खांद्यावर लाकूड असताना पाय जागेवर राहूच शकत नाहीत, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिलं पाऊल डाव्या पायाचं पडलं. काही झालं नाही. तिसरं पुन्हा डाव्याचं, तेव्हाही काही झालं नाही, आणि मला वाटलं, पाहा, देव सांभाळतो! पाचव्या पावलाला कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. तो मी कानानं ऐकला की हाडानं, अजून सांगता येत नाही.

मी रस्त्यावर पडलो. कावड पडली नाही. मागच्या पोरानं खांदा पुढे केला होता. दिन्याचा चेहरा पांढराफटक. "ऑटो आना, ऑटो!" तो ओरडत होता. दोघांनी माझ्या काखेत हात घातले, तिसऱ्यानं पाय धरून मुडपायला घेतला, म्हणजे मला ऑटोत बसवता येईल. मी किंचाळलो. एवढ्यात कुणीतरी त्या तिसऱ्याच्या पाठीत चांगला गुद्दा घातला.

"सोड थो पाय! ऑटोत कोंबता काय त्याले?"

साठी उलटलेला, काटकुळा माणूस. अंगात बनियन, गळ्यात भगवा दुपट्टा, गालात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा तोबरा. खांद्यावर त्याची स्वतःची छोटी कावड, बांबूला दोन पितळी कळशा. अनवाणी पाय धुळीनं माखलेले. इथून देऊळ असं कितीसं राहिलं होतं! त्यानं माझ्याकडे पाहिलं, वंदनाकडे पाहिलं. "कायचं ऑपरेशन झालं होतं?" त्यानं विचारलं. तिनं रडत रडत सांगितलं. "म्हंजे गोळ्याचं," तो म्हणाला, आणि त्यानं खांद्यावरची कावड उतरवून सरळ रस्त्यावर ठेवली.

"काका, कावड खाली नोको ठेवू! पानी बाटलं ना!" कुणीतरी म्हणालं.

"हात मोकळे पाह्यजेत मले," एवढंच म्हणून तो कळशांच्या दोऱ्या सोडायला लागला.

दोन्ही कळशा सुटल्यावर त्यानं तो बांबू माझ्या डाव्या अंगाला लावला, काखेपासून घोट्याच्या खालपर्यंत. पोरांच्या गळ्यातले दुपट्टे मागून घेतले. मग माझं पाऊल दोन्ही हातांत धरून हळूच, सरळ रेषेत ओढलं. "आता बोंबल पाह्यजे तेवढा," तो म्हणाला, आणि मी मनसोक्त बोंबललो. दुसरा पाय जोडीला घेऊन त्यानं छातीपासून घोट्यापर्यंत मला बांबूला बांधलं. एक कळशी कुणाच्या तरी पायानं कलंडली होती. उरलेल्या कळशीतलं पाणी त्यानं वंदनाच्या ओंजळीत ओतलं आणि तिनं माझं तोंड पुसलं. देवाला चाललेलं पाणी माझ्या तोंडावरून वाहत होतं आणि मला त्या यातनेतही लाज वाटत होती. कावडीतलं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या संताची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. दिन्या अजून म्हणतो, त्या गोष्टीत आपण कोण होतो ते ध्यानात ठेव.

कुणीतरी बोलावलेली रुग्णवाहिका कावडींमुळे पुढच्या चौकात अडकली होती. शेजाऱ्यांची बाज बाहेर काढली, मला तिच्यावर सरकवलं आणि आमच्या कावडीतल्या आठ पोरांनी ती खांद्यावर घेतली. तो माणूस पुढे उभा राहून म्हणाला, "धक्का बसू देऊ नोका. पानी घेऊन चालता तसे चाला. थे पानीच हाय समजा."

ती पोरं चालायला लागली. गुडघे किंचित वाकवून, टाच न आपटता, एका ठेक्यात. जी चाल मी त्यांना परातीतल्या पाण्यावर शिकवली होती, तीच. वाटेतल्या कावडी बाजूला झाल्या, ढोल थांबले. एका आजीबाईनं "गेला काय व बिचारा?" असं विचारल्याचं मला ऐकू आलं, म्हणून मी बाजेवरून हात वर केला, तर तिनं त्या हातालाच नमस्कार केला. वर श्रावणातलं धुवट आभाळ होतं. एवढी वर्षं मी खांद्यावर काहीतरी नेत होतो आणि नजर नेहमी पुढच्या माणसाच्या टाचेवर असायची; आभाळ कधी पाहिलंच नव्हतं. मला अजिबात धक्का बसला नाही. मी रडत होतो, पण ते दुखण्यानं नव्हे. इतक्या माणसांनी इतक्या जपून मला न्यावं, असं मी काय केलं होतं? काहीच नाही. उलट जे करू नको म्हटलं होतं तेच केलं होतं.

रुग्णवाहिकेत चढवेपर्यंत तो माणूस कुठेतरी मागे राहिला. त्याचं नाव कुणीच विचारलं नाही.

त्याच दुपारी अमरावतीला पोचलो. डॉक्टर माझ्यावर जे रागावले ते इथे लिहीत नाही. ते सगळं बरोबरच होतं. मग त्यांनी एक्स-रे पाहिला आणि बांबूकडे पाहिलं. "हे कुणी बांधलं?" त्यांनी विचारलं. हाड त्या भोकापाशीच मोडलं होतं, पण सरकलं नव्हतं, आणि गोळ्याला धक्का लागला नव्हता. पाय मुडपून ऑटोत घातला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी हातानं करून दाखवलं. दुसरं ऑपरेशन झालं, आत सळई आणि स्क्रू बसले. मग जखम ओली राहिली, आठ दिवस ताप हटेना, आणि जंतू हाडात उतरले की काय या भीतीनं वंदनाचं जेवण सुटलं. नवव्या दिवशी ताप उतरला. गोळा वाचेल का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही सांगत नाही. वर्षभर थांबा."

बांबू आमच्याबरोबर घरी आला. वंदनानं तो धुऊन देवघराच्या कोपऱ्यात उभा केला आणि रोज त्याला हळदकुंकू लावायला लागली. "थो मानूस नव्हता, महादेव होता," ती म्हणायची. मंडळातल्या सगळ्यांचं हेच मत झालं. माझा अर्धाच विश्वास बसला, कारण महादेव खर्रा खात असेल असं वाटेना. पण मला छळत होतं ते निराळंच. तो जर माणूस असेल, तर त्यानं कशासाठी तरी ती कावड धरली असणार. कुणाच्या दुखण्यासाठी, कुणाच्या लेकरासाठी. एवढं अनवाणी चालून, देऊळ हाकेच्या अंतरावर असताना, त्याचा नवस माझ्या माजापायी मातीला मिळाला होता. माझं हाड वाचावं म्हणून मी देवाला रोज विनवत होतो, आणि त्याच मनानं त्या माणसाचं काय झालं असेल म्हणून झुरत होतो.

तीन महिने मी पलंगावर होतो. अंग पुसणं, कपडे बदलणं, भांडं देणं, सगळं वंदना करायची. मला ते सोसेना. माझी चिडचिड तिच्यावर निघायची. एका सकाळी मी तिचा ओला पंचा झिडकारला. तिनं तो पुन्हा पाण्यात बुडवला, पिळला आणि शांतपणे म्हणाली, "एकोनीस वर्सं तुमी देवाले अंघोळ घातली. देव चिडला काय कधी? बसला ना चुपचाप?"

मी चुपचाप बसलो. पाणी कोमट होतं. त्या दिवसापासून मी महादेवाकडे मागणं बंद केलं. ठरवून नव्हे, मागायला काही उरलंच नाही. गोळा राहिला तर राहिला, गेला तर गेला. मला धरून ठेवणारे हात पुष्कळ आहेत, एवढं कळलं होतं.

पुढच्या श्रावणाच्या आधी एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म बराच वेळ पाहिली. गोळा गोल होता. "सध्या वाचलाय," ते म्हणाले, आणि त्या 'सध्या'वर त्यांनी मुद्दाम जोर दिला. डावा पाय थोडा आखूड राहिला आहे, हातात काठी आहे आणि खांद्यावर ओझं घ्यायला कायमची बंदी. कावडीतली माझी जागा दिन्याच्या पुतण्याला मी स्वतः दिली.

शेवटच्या सोमवारी मी दारापुढे खुर्ची टाकून बसलो, शेजारी भिंतीला तो बांबू उभा करून. तो माणूस असेल तर आपला बांबू ओळखेल, असा माझा विचार. वंदना येणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालत होती. आमची कावड गेली, दुसऱ्यांच्या गेल्या, ऊन चढलं. साडेअकराला गालात तोबरा धरलेला एक काटकुळा माणूस खुर्चीपुढे थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"ह्यो बांबू माहा हाय," तो म्हणाला.

म्हणजे देव नव्हता. खरं सांगतो, मला त्याचं जास्तच बरं वाटलं. मी धडपडत उठलो आणि पाया पडायला वाकायला लागलो, तर तो खेकसला, "वाकू नोको! सळई हाय ना आतमंदी?"

मी वर्षभर साठवलेलं एका दमात विचारलं, "काका, तुमचा नवस कायचा होता? माह्यापायी मोडला."

त्यानं तोबरा दुसऱ्या गालात सरकवला. तो मूर्तिजापूरकडचा. नाव त्यानं मला सांगितलं, पण कुठे लिहू नको म्हणाला. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात प्लास्टरच्या खोलीत काम केलेलं. "डॉक्टर सांगे, मी बांधो. हजारो हातपाय सरळ केले म्या. पन एखांदा वाकडा राह्यलाच असंन ना, बाप्पा? घाई राहे, गर्दी राहे. थे पोरगं जनमभर लंगडलं असंन. त्याईच्यासाठी नेतो पानी, दर वर्सी. देवा, माह्या हातून राह्यलेला पाय तू सांभाळ म्हनून." मग पहिल्यांदा माझ्या पायाकडे पाहत म्हणाला, "मांगच्या वर्सी देवानं पायच पुढं टाकला माह्या. मी काय थांबून राहू पानी धरून?"

वंदनाच्या हातातली घागर तशीच राहिली होती.

"चाल पाहू," तो म्हणाला. "काठी ठेव." पण त्याच्या खांद्यावर नव्या बांबूची कावड होती. "यंदा खाली ठेवत नाई," असं म्हणून तो इकडेतिकडे बघायला लागला, तेव्हा वंदना पुढे झाली आणि पदर सावरून तिनं ती कावड आपल्या खांद्यावर घेतली. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला, डोळे माझ्या पावलांच्या उंचीवर आणून. मी काठी खुर्चीला टेकवली. डावा, उजवा, डावा, उजवा. चौथ्यावर मी थांबलो. पाय पुढे जाईना. तोच रस्ता होता, आणि तो आवाज कानात होता.

"काहून थांबला?"

"इथंच मोडला होता, काका."

"मंग इथूनच चाल."

मी डोळे मिटले नाहीत, नवस बोललो नाही. पाचवं पाऊल टाकलं. आवाज आला नाही. तो बसल्या बसल्या माझ्या पायावरून हात फिरवून म्हणाला, "जराकसा आखूड हाय. पन सरळ बसला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायला त्यानं खर्रा थुंकायचं निमित्त केलं. वंदनाकडून कावड घेतली, कळशीतलं पाणी वाकून पाहिलं, सांडलं नव्हतं. मी बांबू पुढे केला तर नको म्हणाला. "राहू दे दारात. कोनाचा पाय मोडला तं लागंन."

बांबू अजून दारात आहे. तो सोमवार होऊन आता बरेच महिने झाले आणि गोळा 'सध्या' वाचलेलाच आहे. रोज सकाळी कामाला निघताना पहिली चार पावलं मी मोजून टाकतो. पाचवं मोजत नाही, ते महादेवावर सोडतो आणि जातो.